खंडेनवमीचा आकडा

माझी पत्नी मंगळवारी गेली. सकाळी ती टेबलाशी बसली होती. दुपारी तिला हॉस्पिटलात नेलं. संध्याकाळी डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं. मग मी मुलुंडला परत आलो.

टेबलावर एक सीआरओ उघडा पडला होता. विजेची लहर हिरव्या रेषेने पडद्यावर दाखवणारं ते यंत्र, जुन्या बनावटीचं, उचलायला दोन माणसं लागावीत एवढं जड. त्याचं वरचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं होतं. स्क्रू एका स्टीलच्या वाटीत होते. मी वाटीला हात लावला नाही.

आमच्या घरात दोन खोल्या आणि एक बंद केलेली बाल्कनी आहे. बाल्कनी तिची होती. विक्रोळीच्या एका कारखान्यात ती नोकरीला होती, मोजमापाची यंत्रं तपासण्याच्या विभागात. कारखान्याने तो विभाग बंद केला तेव्हा तिला घरी बसायला सांगण्यात आलं. ती घरी बसली, पण टेबलाशी. जुने सीआरओ, सिग्नल जनरेटर, काट्याचे व्होल्टमीटर, लाकडी पेटीतले रेझिस्टन्स बॉक्स लोक तिच्याकडे आणत. काही कॉलेजांच्या प्रयोगशाळांमधून यायचे, काही जुनी यंत्रं जमवणाऱ्या हौशी माणसांकडून. विकत घ्यायच्या आधी लोक फोटो पाठवून विचारायचे, घेऊ का. ती फोटो मोठा करून बघायची, चष्मा कपाळावर सरकवायची आणि उलट विचारायची, "प्लगमध्ये घातलंत का?"

"हो मॅडम, घातलं ना, क्षणभर लागलं आणि मग वास आला."

"मग आता कशाला विचारता?" एवढं बोलून ती फोन ठेवायची आणि उरलेला राग माझ्यावर काढायची. "अहो, बारा वर्षं बंद पडलेली वस्तू. तिला एकदम दोनशे तीस व्होल्ट? आजारातून उठलेल्या माणसाला कुणी पहिल्या दिवशी पुरणपोळी घालतं का?"

तिची पद्धत वेगळी होती. यंत्राच्या वाटेत आधी एक साधा पिवळा बल्ब जोडायचा, म्हणजे आत काही बिघाड असला तर यंत्र जळण्याऐवजी बल्ब भकभकून पेटतो. मग डिमरस्टॅटचं चाक फिरवून वीज हळूहळू चढवायची. थोडी चढवायची, थांबायचं, वास घ्यायचा, मागच्या जाळीवर तळहात धरून ऊब बघायची. तासन्‌तास चालायचं ते. मी पलीकडच्या खोलीत वाचत बसायचो. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. शांत बसून राहणं हाच माझा धंदा. आमचं चांगलं जमायचं, असं बघणारे म्हणत. आम्हाला मूलबाळ नाही.

मला यंत्रांचा मत्सर कधी वाटला नाही. मत्सर वाटायचा तो एका माणसाचा.

कारखान्यात तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारा तो तिचा सहकारी. मूळचा मालवणकडचा, राहायला भांडुपला. विभाग बंद झाला तेव्हा जुनं सामान कामगारांना नेऊ दिलं गेलं, आणि त्या दोघांनी एकाच कपाटातून दोन मीटर उचलले. लाकडी पेटीतले, पितळी कड्यांचे, काट्याचे व्होल्टमीटर, एकाच दिवशी बनलेले, लागोपाठच्या नंबरांचे. एक मुलुंडला आला, एक भांडुपला गेला. तिच्या टेबलावर येणारं प्रत्येक यंत्र शेवटी या मीटरसमोर उभं राहायचं. हा जे सांगेल ते खरं, आणि बाकीच्यांनी त्याप्रमाणे सुधारायचं.

पण मग हा मीटर खरं बोलतो हे कुणी सांगायचं? हा प्रश्न मी तिला एकदा विचारला होता. ती म्हणाली, "त्याचा मीटर."

वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला तो माणूस आपला मीटर कापडी पिशवीत घालून आमच्याकडे यायचा. सकाळी तिने यंत्रांची पूजा केलेली असायची. सीआरओच्या पडद्यावर कुंकवाचं बोट, सोल्डरिंग गनच्या मुठीला झेंडू. तो दारातूनच ओरडायचा.

"काय गो, पूजा झाली काय?"

"झाली. चपला काढ आधी. चिखल घेऊन आलायस."

"भावोजी, बघा. वर्षातून एकदा येतो, तर ही मला चपलांवरून बोलते."

"वर्षातून एकदा? मागच्या महिन्यात माझा पाना घेऊन गेलास. आणलास?"

"कुठला पाना?"

"वाट लागली माझ्या पान्याची."

मी हसायचो आणि चहा ठेवायला आत जायचो. मला तो भावोजी म्हणे. या एका शब्दाने त्याने स्वतःला तिचा भाऊ करून घेतलं होतं, आणि भावाचा मत्सर करणाऱ्या नवऱ्याला कुठल्याच घरात जागा नाही. त्याला ती 'अरे' म्हणायची, मला 'अहो'. आमच्या लग्नाच्या काळी तीच रीत होती आणि पुढे बदलायची वेळ आली तेव्हा सवय झाली होती. आदर माझ्या वाट्याला होता. मला त्या 'अरे'ची असूया होती. 'अरे' म्हणताना तिचा आवाज कारखान्यातल्या मुलीचा व्हायचा, आणि त्या मुलीला मी कधी भेटलेलो नव्हतो. लग्न ठरलं तेव्हा मी तिला भेटलो ते तिच्या मामांच्या घरी, चहापोह्यांच्या ताटामागे.

मग दोघं मीटर शेजारी शेजारी मांडायचे. नव्या सेलची एक माळ तयार केलेली असायची. त्या मीटरच्या तबकडीवर आकड्यांच्या खाली आरशाची एक बारीक कमान असते. काटा नीट वाचायचा तर एक डोळा मिटून डोकं असं हलवायचं की काटा आपल्याच प्रतिबिंबाला झाकून टाकेल. आरशातला काटा दिसेनासा झाला की जो आकडा दिसतो तो खरा. तो वाकायचा, जीभ दातांत धरायचा, डोळा मिटायचा. पाहुण्याचा मान म्हणून आकडा आधी त्याने सांगायचा.

तो सांगायचा. मग ती आपल्या मीटरवर वाकायची, बराच वेळ बघायची आणि म्हणायची, "माझंही तेच."

"बघ! अजून आपण म्हातारे झालो नाही!" तो टेबलावर थाप मारायचा. सेलची माळ घरंगळायची. ती शिव्या द्यायची. एवढाच तो कार्यक्रम. मी चहाचा ट्रे घेऊन बाल्कनीच्या दारात उभा असायचो, कारण आत तिसऱ्या माणसाला उभं राहायला जागा नव्हती.

तो गेल्यावर ती कपबशा विसळायला येत नसे. बाल्कनीत बसून आपल्या मीटरचं मागचं झाकण उघडायची आणि आतला एक बारीक स्क्रू किंचित फिरवायची. मग त्याच्यावर लाल नेलपॉलिशचा एक थेंब सोडायची, म्हणजे तो आपोआप हलू नये आणि कुणी हलवला तर कळावं. तिने स्वतःच्या नखांना आयुष्यात कधी नेलपॉलिश लावलं नाही. बाटली मीच आणायचो, स्टेशनजवळच्या दुकानातून. दुकानातली बाई दर वेळी विचारायची, "कुठला शेड, काका?" मी म्हणायचो, लवकर सुकणारा.

स्क्रू का फिरवते हे मी तिला विचारलं नाही. मला वाटायचं, यंत्रांची पूजा संपल्यावरचा तो काही विधी असेल.

ती गेली त्या आठवड्यात तो रोज यायचा. पहिल्या दिवशी घरात माणसं बसलेली होती, तेव्हा तो कुणाशी न बोलता बाल्कनीत गेला आणि टेबलाखाली हात घालून एक बटण बंद केलं. सोल्डरिंग गन मंगळवारपासून स्टँडवर तापत होती. तो राळेसारखा वास मला येत होता, पण तो तिचा वास आहे अशा समजुतीने मी तो बंद करायचा प्रयत्नही केला नव्हता. ते बटण कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. माझ्या घरातलं बटण. बाहेर येऊन त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भावोजी, गन चालू होती." मी म्हणालो, "बरं." त्या हाताखालून खांदा काढून घ्यायला मला फार कष्ट पडले.

काही महिन्यांनी यंत्रांचं काय करायचं हा प्रश्न आला. भंगारवाला दोनदा दारावरून चौकशी करून गेला होता. घाटकोपरच्या एका तंत्रशाळेतल्या शिक्षिका तिच्याकडे पूर्वी एक-दोनदा येऊन गेल्या होत्या. त्यांनी फोन केला. शाळेच्या प्रयोगशाळेत यंत्रं ठेवायला त्या तयार होत्या. "पण काका, एक आहे. तपासून घ्यावी लागतील. जी बरोबर असतील ती मुलं वापरतील. बाकीची आम्ही नुसती मांडून ठेवू, काचेच्या कपाटात."

तिला काचेच्या कपाटाचा तिटकारा होता. ती म्हणायची, कपाटातला मीटर म्हणजे भुसा भरलेला वाघ. तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती. तिची यंत्रं मोजण्यासाठी जावीत, बघण्यासाठी नाही. आणि ती तपासू शकेल असा माणूस मला एकच माहीत होता.

मी त्याला फोन केला. माझ्या बाजूने त्याला केलेला तो पहिला फोन.

तो रविवारी यायचा. तिच्या खुर्चीवर बसायचा. दुसरी खुर्ची तिथे मावत नाही. मी पुस्तक घेऊन बाल्कनीच्या दारात स्टुलावर बसू लागलो. मदत करायला नाही, मला त्यातलं काही येत नव्हतं. त्याला तिथे एकटा सोडायचा नव्हता, एवढंच. तो एकेक यंत्र बल्बवर लावायचा, चाक चढवायचा आणि वास घ्यायचा, अगदी तिच्यासारखाच नाक वर करून. ही लकब कुणी कुणाकडून घेतली होती? हे मी विचारणार नव्हतो.

उघड्या यंत्रात काम करताना तो डावा हात पँटच्या खिशात घालायचा. ते मी ओळखलं, कारण ती काम करताना डावा हात कमरेमागे साडीच्या निऱ्यांत खोचून ठेवायची. मला वाटायचं तिची पाठ दुखते. मी तिच्यासाठी आयोडेक्स आणून ठेवायचो.

"भावोजी, तसं नाही," तो म्हणाला. "आत हजार हजार व्होल्ट असतात. दोन्ही हात आत गेले तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर. म्हणून एक हात नेहमी दूर. तिला खिसा कुठला? मीच सांगितलं तिला पहिल्या आठवड्यात, पदरात गुंडाळ नाहीतर कमरेला खोच, पण आत घालू नको. लय हसली होती."

त्या आयोडेक्सबद्दल ती मला कधी काही बोलली नाही. लावायची मात्र.

त्याचा स्वभाव बोलका होता, आणि सगळं बोलणं खरं असायचं असं नाही. प्रत्येक यंत्राची गोष्ट सांगताना तो स्वतःला थोडा मोठा करायचा. एक सिग्नल जनरेटर आपणच दुरुस्त केल्याचं त्याने सांगितलं, तर आत तिचे लाल थेंब निघाले. "असेल, असेल," तो म्हणाला, "आम्ही मिळून केला असेल." मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बरं वाटलं, म्हणून लिहितो.

शेवटी त्याने निकाल सांगितला. दोन यंत्रं सुट्या भागांसाठी, बाकी सगळी खरी. "एकसुद्धा खोटं बोलत नाही. माझ्या मीटरशी जुळवून बघितलं. बाईचं काम ते बाईचं काम." त्याने ते अशा थाटात सांगितलं, जणू शाळेचा निकाल वाचतोय. तिला पास करणारा हा कोण, असं माझ्या मनात आलं, आणि तरी मला हायसं वाटलं.

यंत्रं न्यायला तंत्रशाळेच्या मॅडम टेम्पो घेऊन आल्या त्या रविवारी तोही आला होता. मॅडमनी आपल्या पर्समधून एक नवा डिजिटल मीटर काढला, हाताच्या पंजाएवढा. "दोन-चार सहज बघते हं काका." त्यांनी दोन-चार बघितली. मग आणखी बघितली. मग सगळी बघितली. त्यांचा चेहरा अवघडल्यासारखा झाला.

"सर, एक विचारू? हे सगळं एकाच मीटरवरून लावलंय का?"

"मग? हा काय," तो तिच्या लाकडी पेटीकडे बोट दाखवत म्हणाला.

"सगळे कमी दाखवतायत. थोडंच. पण सगळे तेवढंच, एकाच बाजूला."

"तुमचा डबा नवा आहे. नव्या डब्यांचं काय खरं?"

"गेल्याच महिन्यात अंधेरीच्या लॅबमधून तपासून आणलाय, सर."

"लॅबवाले काय देव लागून गेले?" त्याने आपल्या पिशवीतून स्वतःचा मीटर काढून तिच्या मीटरशेजारी ठेवला. सेलची माळ लावली. वाकला, जीभ दातांत धरली, डोळा मिटला. एक मीटर बघितला, दुसरा बघितला. मग मॅडमचा आकडा बघितला. मग पुन्हा पहिला.

दोन्ही जुने मीटर एकमेकांशी केसभरही फरक न करता जुळत होते. आणि दोन्ही सारखेच चुकत होते.

मला वाटलं तो शरमेल. तो हसला. आधी हळू, मग मोठ्याने, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "अरे वा! जुळी भावंडं! एका दिवशी जन्मली आणि एकत्रच म्हातारी झाली! भावोजी, बघा काय गंमत. चुंबक उतरतं वयानुसार, पण दोघांचं सारखंच उतरावं? मी भांडुपला, ती मुलुंडला, आणि काटे बरोबर चालतायत!" तो ते मॅडमना सांगत होता, मला सांगत होता, मीटरला सांगत होता. खूश झाला होता तो.

मी दारात उभा होतो. त्या दोघांचं एकमेकांशी जुळणं मी इतकी वर्षं बघितलं होतं. आता त्यांची चूकसुद्धा जुळली होती, आणि त्या चुकीतही मला शिरायला जागा नव्हती. मत्सर छातीत असतो म्हणतात. मला तो दातांत जाणवला.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "मग काका, असं करते. मी यांच्यावर 'फक्त प्रदर्शनासाठी' असं लावते. मुलं उघडून बघतील, शिकतील. मोजायला नकोत एवढंच."

काचेचं कपाट. तो अजून जुळ्यांचंच बोलत होता.

"जुळी नाहीत ती," मी म्हणालो.

दोघं माझ्याकडे बघू लागले. या बाल्कनीत मी बोलेन अशी कुणाची अपेक्षा नसावी.

"तुम्ही गेल्यावर ती दर वर्षी तो स्क्रू फिरवायची."

"कुठला स्क्रू?"

"मागचा. झाकण उघडून. किंचित. वर नेलपॉलिश लावायची. दर खंडेनवमीला, तुम्ही गेल्यावर."

तो हसायचा थांबला. "मग? खराब झाला असेल, लावून घेतला असेल."

"कशावरून लावून घेतला?"

तो खुर्चीवर बसला. त्याने तिचा मीटर पालथा केला आणि झाकणाचे चार स्क्रू काढले. आतला बारीक स्क्रू दिसत नव्हता. त्याच्या जागी लाल रंगाची एक गुठळी होती, थेंबावर थेंब, जुने काळपटलेले आणि वरचा उजळ. तिने कधी आधीचा थेंब पुसला नव्हता. तो फोडून ती स्क्रू फिरवायची आणि वर नवा थेंब सोडायची. त्याने भिंग धरलं आणि फुटलेल्या थरांच्या कडा बराच वेळ बघितल्या.

"सगळे एकाच बाजूला फिरलेत," तो म्हणाला. आवाज बदलला होता. "दर वेळी कमी केलाय."

"तुमच्याएवढा," मी म्हणालो.

"पण ती तर म्हणायची, माझंही तेच."

"तुम्ही आकडा आधी सांगायचात."

मॅडम खाली बघत होत्या. तो उठला, पुन्हा बसला. "मी माझा कधी तपासायला दिलाच नाही. कशाला देऊ? तिचा जुळतो म्हणजे माझा बरोबर. तिच्यासारखं वाचणारं पूर्ण विभागात कोण नव्हतं. मी तिच्यावर विसंबून होतो रे देवा, आणि ही बया माझ्यावर!" मग तो मीटरकडे वळला. "गाढव! सांगायचं नाय? तोंड नव्हतं काय तुका?"

मला ते 'गाढव' ऐकवेना. मी तिला कधी एवढ्या जवळून रागावलो नव्हतो.

मॅडम म्हणाल्या, "सर, कारखान्यात लावताना खूण करतात ना स्क्रूवर? मूळ जागेची?"

"करतात. कोरलेली रेघ असते, स्क्रूवर आणि शेजारी. पण ती याच्याखाली." त्याने गुठळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "भावोजी, हे सगळं काढावं लागेल."

तिच्या हाताने सोडलेले थेंब होते ते, इतक्या वर्षांचे, दुसऱ्या कुणी न शिवलेले. पण ते ठेवले तर यंत्रं कपाटात जाणार. मी आत गेलो. नेलपॉलिश काढायचं औषध आमच्याकडे नव्हतं. त्याची कधी गरजच पडली नव्हती. शेजारच्या सुनेकडून आणलं. तिने नवलाने बघितलं.

काडीला कापूस लावून तो थर काढत गेला. कापूस लाल होत गेला. खालून आधी पितळ दिसलं, मग रेघ. त्याने डावा हात खिशात घातला, सवयीने, त्या मीटरमध्ये घाबरण्यासारखं काही नव्हतं तरी, आणि उजव्या हाताने स्क्रू उलटा फिरवत नेला, रेघ रेघेला मिळेपर्यंत. झाकण न लावताच मीटर सरळ केला. मॅडमनी आपला मीटर जोडला.

"वाचा," तो म्हणाला. तो मॅडमना म्हणाला असेल. पण त्या बाजूला झाल्या, आणि मी वाकलो. मी एक डोळा मिटला. आरशातला काटा खऱ्या काट्यामागे जाईपर्यंत डोकं हलवलं. दारात उभं राहून इतकी वर्षं बघितलेलं होतं. मी आकडा सांगितला.

मॅडमनी आपला सांगितला. एकच होता.

तो म्हणाला, "म्हणजे ती दर वर्षी बरोबर होती."

तिला ते ठाऊक होतं का? तिच्यासारख्या काटा वाचणाऱ्या बाईला आपला मीटर खरा आहे आणि शेजारचा उतरतोय हे कळत नव्हतं, असं मला वाटत नाही. पण कळूनही तिने दर वर्षी स्वतःचा उतरवला असेल, तर तो कशासाठी, हे मला लिहायला बसल्यावरही सुचत नाही. कदाचित तिला स्वतःपेक्षा त्याच्यावर भरवसा होता. कदाचित 'माझंही तेच' म्हणण्यातलं सुख तिला खऱ्या आकड्याहून मोठं वाटत असेल. तिने माझ्यासाठी कधी एखादा खरा आकडा सोडला होता का, हे मी आठवून बघतो. पाठदुखीचं औषध आठवतं. ते त्यातच धरायचं की नाही, मला ठरवता येत नाही.

स्क्रू पक्का करायला त्याने तिच्या खणातली बाटली काढली. आतलं पॉलिश घट्ट झालं होतं. त्याने त्यात पॉलिश काढायच्या औषधाचा थेंब टाकून बाटली हलवली आणि ब्रश बाहेर काढला.

"द्या इकडे," मी म्हणालो. "ते मी लावतो."

त्याने दिला. माझा थेंब मोठा पडला आणि स्क्रूच्या बाहेर ओघळला. त्याने ते बघितलं आणि झाकण लावायला घेतलं.

मूळ मीटर खरा ठरल्यावर बाकीची यंत्रं त्याच्यावरून पुन्हा लावता येणार होती. मॅडमनी टेम्पो रिकामा परत पाठवला. पुढचे कितीतरी रविवार तो माणूस तिच्या खुर्चीत बसून एकेक यंत्र सुधारत राहिला, आणि मला ते चालवून घ्यावं लागलं, कारण दुसऱ्या कुणाला ते जमलं नसतं. प्रत्येक यंत्राच्या शेवटी तो बाजूला सरकायचा आणि काटा मी वाचायचो. सुरुवातीला तो मला "भावोजी, डोकं जरा डावीकडे" असं सांगायचा. नंतर सांगेनासा झाला. आपला मीटरही त्याने तिच्या मीटरवरून लावून घेतला. ते करताना तो एकदाही हसला नाही.

मंगळवारी उघडा राहिलेला सीआरओ शेवटी लागला. ती कशाच्या मागे होती हे त्याला आत बघताच कळलं. एक जुना कंडेन्सर तिने काढून ठेवला होता आणि नवा लावायचा बाकी होता. त्याने लावला. स्क्रू वाटीतूनच घेतले.

यंत्रं आता घाटकोपरला आहेत. मुलं त्यांच्यावर मोजतात, असं मॅडम फोनवर सांगतात. तिचा मीटर मी दिला नाही. तो बाल्कनीतल्या टेबलावर आहे आणि बरोबर दाखवतो. तो माणूस कधी कधी येतो, खुर्चीवर बसतो, कारखान्यातल्या गोष्टी सांगतो. त्याचा मत्सर मला अजून वाटतो. तिच्याबद्दल बोलायला माझ्याजवळ तेवढा एकच माणूस आहे.